हँडल, मुठी आणि मीटर: गाडी आपल्या मापाची करताना

मोटारसायकलवरून गगनबावड्याहून कोल्हापूरला परत येताना कळे गाव आलं की माझ्या उजव्या करंगळीला मुंग्या यायच्या. फुलेवाडी येईपर्यंत शेजारचं बोटही बधिर व्हायचं. आधी मला वाटलं रस्ता खराब, मग वाटलं इंजिनचं व्हायब्रेशन. एका रविवारी दारात गाडी लावून नीट मोजमाप घेतलं तेव्हा खरं कारण कळलं. माझी उंची पाच फूट चार इंच, आणि हँडल होतं माझ्यापेक्षा लांब हाताच्या माणसाला सोयीचं. चार बोल्ट सैल केले, हँडल थोडं मागं फिरवलं, ब्रेक-क्लचचे दोन्ही लिव्हर जरा खाली घेतले. पुढच्या फेरीत मुंग्या जवळजवळ नव्हत्याच. खर्च काहीच नाही.

उद्यमनगरात लेथवर काम करत असल्यानं मापाची सवय हाताला आहे. त्या दिवसापासून मित्रांच्या आणि शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्यांची जुळवणी केली. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोक आधी दुकानात जातात, रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) किंवा नवं हँडल घेऊन येतात, आणि आहे ते हँडल फिरवून बघायचं मात्र राहून जातं. म्हणून या लेखात फुकटातलं काम आधी घेतलंय आणि पैसे लागणारं नंतर.

दुखतंय कुठं, ते आधी ओळखा

कुठलाही पाना उचलण्यापूर्वी तासभर सलग गाडी चालवा आणि उतरल्यावर कागदावर लिहा, की नेमकं कुठं दुखतंय. नुसतं "हात दुखतात" एवढ्यानं भागत नाही.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब येतोय. तिथून एक नस जाते आणि तिच्यावर मूठ दाबली गेली की याच दोन बोटांना मुंग्या येतात. मूठ जास्त बाहेर वळलेली असणं किंवा अंगाचं वजन हातावर येणं ही त्याची नेहमीची कारणं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगट वाकलेलं राहतंय. लिव्हर फार वर असले की बोटं त्यांच्यावर ठेवण्यासाठी मनगट मागे मोडावं लागतं आणि मनगटातून जाणारी दुसरी नस आवळली जाते. मान आणि खांद्यांच्या मधला भाग भरून येत असेल तर हँडल लांब किंवा फार रुंद पडतंय. हँडल फार जवळ आणि उंच असेल तर पाठ सरळ उभी राहते, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला बसतो.

दोन्ही तळहातांच्या गादीवर भार येत असेल तर हँडलला हात लावण्याआधी सीट बघा. पुष्कळ गाड्यांची सीट टाकीकडे उतरती असते. ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर घेतो. अशा गाडीचं हँडल कितीही बदला, हात दुखायचे थांबणार नाहीत. तिथं सीटवाल्याकडून पुढचा फोम थोडा उचलून घेणं हाच इलाज.

गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल किंवा रात्री झोपेत मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

अजून दोन गोष्टी आधी तपासून घ्या. गाडी कधी पडली असेल तर हँडल वाकलंय का बघा. सीटच्या मध्यरेषेवर मागे एक खूण करा, हँडल सरळ ठेवा आणि टेपनं दोन्ही मुठींच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीत फरक आला तर हँडल किंवा पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) वाकलेत. वाकलेलं हँडल ठोकून सरळ करून घेऊ नका, ॲल्युमिनियमचं तर मुळीच नाही. ते बदलायचंच. दुसरी गोष्ट म्हणजे बॉल रेसर, म्हणजे स्टिअरिंगचं बेअरिंग. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्येच अडकत असेल तर आधी तो बदला, कारण अडकणारं स्टिअरिंग सरळ ठेवायला खांदे दिवसभर झगडत असतात.

डोळे मिटून घ्यायचं माप

हे माप एकट्याला घेता येत नाही, कुणीतरी सोबत हवं. आमच्या घरी हे काम माझा धाकटा भाऊ करतो.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावा. रोज घालता ते बूट आणि हेल्मेट घालून बसा, कारण हेल्मेटशिवाय घेतलेलं माप पुढे मीटर बघताना खोटं ठरतं. पाय फूटरेस्टवर ठेवा. खांदे वर उचला, मग सैल सोडा. आता डोळे मिटा आणि दोन्ही हात समोर आणून, जणू हँडल धरलंय अशी मूठ करा. ओढायचं नाही, ताणायचं नाही. कोपर थोडे वाकलेले राहू द्या. हात जिथं सहज थांबतील तिथं थांबू द्या.

आता सोबतच्या माणसानं दोन मापं घ्यायची. हवेतल्या मुठीपासून गाडीच्या मुठीपर्यंत आडवं अंतर किती आणि उभं अंतर किती. भावानं पहिल्यांदा माझं माप घेतलं तेव्हा आडवं अंतर ३५ मिलिमीटर आलं आणि उभं १०. म्हणजे मला हँडल जवळ हवं होतं, उंच नव्हे. त्याआधी महिनाभर मी उंच रायझर शोधत होतो.

हे तीन वेळा करा आणि मधलं माप धरा. बाजूनं एक फोटोही काढा. फोटोत खांदा, कोपर आणि मनगट बघा. कोपरापासून बोटांच्या सांध्यांपर्यंत जवळजवळ सरळ रेषा दिसायला हवी. मनगट वर किंवा खाली मोडलेलं दिसलं तर ते लिव्हरचं काम आहे, हँडलचं नाही.

आडवी तफावत साधारण २० मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा हँडल फिरवूनच काम होतं. त्याहून जास्त असेल तरी आधी फिरवून बघा; माझ्यासारखं तेवढ्यानं भागलं नाही, तर पुढचे उपाय बघायचे.

चार बोल्टांचं काम

टाकीवर जुनी गोधडी टाका. पाना निसटला तर ठोका गोधडीवर बसेल, टाकीवर नाही.

हँडल जिथं क्लॅम्पमधून (हँडल आवळून धरणाऱ्या पकडीतून) बाहेर येतं तिथं मास्किंग टेप लावून पेनानं रेघ मारा. बऱ्याच हँडलवर कंपनीनं एक बारीक पंच केलेला ठिपका असतो आणि तो क्लॅम्पच्या फटीशी जुळवलेला असतो. तो शोधून ठेवा. काही बिघडलं तर परत यायचा रस्ता तोच.

क्लॅम्पचे चारही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करा, काढू नका. हँडल हातानं फिरेल इतकंच सैल हवं. आता ते स्वतःकडे थोडं ओढा. रेघ एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवायची नाही. हँडल मागे फिरवलं की मुठी जवळ येतात, थोड्या खालीही जातात आणि त्यांचा उतार बदलतो. गाडीवर बसून बघा, पुन्हा सरकवा.

इथं दोन मर्यादा आहेत. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, मूठ आणि टाकीच्या मध्ये अंगठा सुखरूप राहील एवढी जागा उरायलाच हवी. आणि पुढच्या ब्रेकच्या तेलाची डबी फार कलती होऊ देऊ नका. हँडल फिरवल्यावर ब्रेकचा ब्रॅकेट सैल करून डबी पुन्हा जवळजवळ आडवी करून घ्या.

आवळताना क्लॅम्पकडे नीट बघा. काही गाड्यांत क्लॅम्पवर बाण असतो आणि पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळून मागे फट ठेवायची असते. काहींत पुढेमागे सारखी फट ठेवायची असते. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेच पाळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधलाच धरा. उद्यमनगरात टॉर्क पाना असलेली बरीच वर्कशॉप आहेत. पाच मिनिटांच्या कामासाठी कुणी नाही म्हणत नाही.

आता लिव्हर. ब्रॅकेटचे बोल्ट हलके सैल करा, गाडीवर बसा, डोळे पुढे रस्त्यावर ठेवा आणि बोटं सरळ लांब करा. बोटं न वाकता लिव्हरवर पडली पाहिजेत. बसून चालवणाऱ्यांच्या गाडीत लिव्हर थोडे खाली झुकलेले येतात. कच्च्या रस्त्यावर फूटरेस्टवर उभं राहून चालवणाऱ्यांनी ते जरा आडवे ठेवावेत.

क्लचबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे गळीत हंगामात हा हाताचा मोठा त्रास आहे. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे चार-पाच किलोमीटर हाफ क्लचवर जावं लागलं की डावा हात भरून येतो. क्लच जड असेल तर आधी केबल बघा. कोरडी पडलेली किंवा कुठंतरी चिमटलेली केबल लिव्हर जड करते. वरचं टोक सोडून केबलमध्ये पातळ तेल उतरवा. तरीही जड राहिली तर बदला. मग लिव्हरचा मोकळा खेळ तपासा. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो. खेळ कमी असेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर गिअर नीट पडत नाही आणि बोटांना जास्त ओढावं लागतं. ॲक्सिलेटरच्या मुठीला मात्र २ ते ४ मिलिमीटर एवढाच खेळ पुरतो.

इतकं करून निदान आठवडाभर गाडी चालवा. बऱ्याच जणांचं काम इथंच संपतं.

मुठी आणि टोकाची वजनं

मुंग्या येणं कमी झालं, पण हायवेवर ठराविक वेगाला मुठी गुणगुणतात, असं असेल तर व्हायब्रेशनकडे वळा. हँडलच्या टोकाला जी जड वजनं असतात ती शोभेची नसतात. हँडल ज्या कंपनावर थरथरतं ते ती बदलतात. पडापडीत एक वजन निघालं आणि कुणी पुन्हा बसवलंच नाही, अशा गाड्या मी खूप बघितल्यात.

मुठी बदलताना हात लहान असेल तर जाड फोमच्या मुठी टाळा. जाड मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. जुनी डावी मूठ काढायची असेल तर पंक्चरवाल्याकडे जा. मुठीखाली हवेची नळी लावली की ती फुगून सरकते. नवी बसवताना आत तेल किंवा ग्रीस लावू नका, ती कायमची फिरत राहील. मुठीचा डिंक वापरा आणि रात्रभर वाळू द्या. उजव्या बाजूला मूठ आणि टोकाचं वजन यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटर फट हवी. तिथं घासलं तर ॲक्सिलेटर परत येताना अडकतो. मूठ पिळून सोडा, ती स्वतःहून फटकन बंद व्हायला हवी.

रायझर, आणि मंगळवार पेठेतली पायरी

मोजमापात उभी तफावत २० ते ३० मिलिमीटर आली, तर रायझरचा विचार करायला हरकत नाही. पण त्याआधी एक प्रसंग सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका मुलानं एका दुकानातून रायझर बसवून घेतले. गाडी दिसायला झकास झाली होती. संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या अरुंद बोळात गाडी वळवून लावायला त्यानं हँडल पूर्ण डावीकडे घेतलं. ॲक्सिलेटरला हातही लावला नव्हता, तरी इंजिन ओरडायला लागलं. त्या गडबडीत क्लच सुटला आणि गाडी समोरच्या घराच्या पायरीवर चढली. पायरीवर रोज संध्याकाळी एक आजी बसतात. त्या दिवशी त्या नेमक्या आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी उघडली तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. हँडल सरळ असताना ॲक्सिलेटरची केबल ठीक होती. डावीकडे वळवलं की तिचं बाहेरचं काळं आवरण ताणून बसणीतून तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर येत होतं. आवरण तेवढं सरकलं की आतली तार आपोआप ओढली जाते आणि इंजिनला वाटतं मूठ पिळली. हे सगळं बघून शेजारचे जुने मेस्त्री म्हणाले, "बसवलं की झालं न्हवं बाळा, फिरवून कुणी बघायचं?"

म्हणून रायझर बसवताना पुढचा क्रम कधी मोडू नका.

आधी रायझर नुसते ठेवून, बोल्ट हलके लावून बघा. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी ठेवा, म्हणजे फोर्क पूर्ण लांबतील. ब्रेकची नळी सर्वांत जास्त ताणली जाते ती याच अवस्थेत. आता हँडल दोन्ही टोकांना फिरवा आणि चार गोष्टी एकेक करून बघा: ॲक्सिलेटर केबल, क्लच केबल, ब्रेकची नळी आणि स्विचांच्या वायरी. एकही ताठ झालेली चालणार नाही, आणि कुठंही तीव्र मोड पडता कामा नये. मग इंजिन आयडलवर ठेवून हँडल या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवा. आवाजात तसूभरही फरक पडला तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

बऱ्याचदा केबलचा मार्ग बदलला तरी पाच-सात मिलिमीटर सैलपणा मिळतो. वायरींना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सोडून पुन्हा बांधली तरी काम होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर लांब केबल घ्या. ब्रेकची नळी कमी पडत असेल तर मात्र स्वतः उघडू नका, विशेषतः एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची. आत हवा राहिली तर ब्रेक स्पंजसारखा होतो, आणि एबीएसच्या डब्यातली हवा काढायला काही गाड्यांना सर्व्हिस सेंटरचं उपकरण लागतं. नळीच्या सांध्याला तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असतात, ते प्रत्येक वेळी नवे घालायचे. ब्रेकचं तेल रंग खातं, टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा.

कोल्हापुरात अजून एक मोह असतो. लेथ घरचा, मटेरियल घरचं, मग रायझर स्वतःच का बनवू नये? मी बनवलेत, म्हणून नियम सांगतो. मटेरियल ॲल्युमिनियमचं, एचई ३० किंवा ६०६१ ग्रेडचं घ्या आणि तो भरीव रॉड असू द्या. भंगार वितळवून ओतलेला तुकडा वापरू नका. ओतकामात आत बुडबुडे राहतात, ते बाहेरून दिसत नाहीत आणि तडा तिथूनच जातो. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, ग्रेड डोक्यावर कोरलेला असतो. रायझर जेवढा उंच, तेवढा बोल्ट मूळ बोल्टापेक्षा जास्त लांब घ्यायचा. ८ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे ॲल्युमिनियममध्ये निदान १२ मिलिमीटर आत गेले पाहिजेत. एकावर एक असे दोन रायझर चढवू नका. हँडलवरचा प्रत्येक धक्का बोल्टाला वाकवायला बघतो, आणि उंची वाढली की ती वाकवण्याची ताकदही वाढते. पहिल्यांदाच करत असाल तर तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनं विकलेला सेट घेणं चांगलं.

उंच हँडलची एक किंमतही असते. शहरात आणि घाटात सुख मिळतं, पण पुण्याकडे हायवेला लागलात की छाती वाऱ्याला सरळ सामोरी येते आणि हात तोच वारा पेलत बसतात. ज्यांचा बहुतेक प्रवास हायवेचा आहे त्यांनी १५-२० मिलिमीटरच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे.

नवं हँडल घ्यायचं असेल तर

जुन्याचं माप घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नका. मुठीजवळ बहुतेक हँडलचा व्यास २२ मिलिमीटर असतो. क्लॅम्पजवळ मात्र काहींचा २२ आणि जाड ॲल्युमिनियमच्या हँडलचा २८.६ मिलिमीटर. हे जुळलं नाही तर क्लॅम्पही बदलावा लागतो. मग रुंदी, उंची आणि मागे किती ओढलेलं आहे ते मोजा. डोळे मिटून घेतलेलं माप इथं उपयोगी पडतं. जुन्याच्या तुलनेत तेवढाच फरक असलेलं हँडल शोधायचं.

रुंद हँडलनं गाडी वळवायला कमी जोर लागतो, पण महाद्वार रोडच्या गर्दीत दोन गाड्यांच्या मधून निघताना ती रुंदी आड येते. कापायचं ठरवलं तर दोन्हीकडून सारखं कापा, एका वेळी १० मिलिमीटरच. कापलेलं परत जोडता येत नाही.

उतरवताना ब्रेकची डबी आणि लिव्हर उभे ठेवून दोरीनं बांधा. नळीवर लोंबकळत ठेवू नका आणि उलटं तर मुळीच करू नका. स्विचच्या डब्यात आतून एक छोटी गुंडी असते, ती हँडलच्या भोकात बसते म्हणून स्विच फिरत नाही. नव्या हँडलला भोक नसेल तर सगळं बसवून, स्विचची जागा पक्की करून, खूण करून मगच ड्रिल करा, गुंडीच्या मापाचंच आणि एकाच भिंतीला. लोक घाईत गुंडी कापून टाकतात. मग पावसात स्विचचा डबा फिरतो आणि हॉर्नचं बटण अंगठ्याखाली सापडत नाही.

आरसे शेवटी बसवा. काही यामाहा गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जोर लावून आटे मोडू नका. हँडल बदललं की आरसाही बदलतो. कोपर दिसत असेल आणि मागचा रस्ता दिसत नसेल तर आरशाला लांब दांडा घ्या.

आता कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आहे ते हँडल फिरवणं आणि लिव्हरचा कोन ठरवणं ही नुसती जुळवणी आहे. खांद्याच्या वर जाणारी उंच हँडल मात्र टाळा. ती कायद्यातही बसत नाहीत आणि घाटातल्या वळणावर ताबाही ठेवू देत नाहीत. बदल केला असेल तर विमा कंपनीला कळवा.

मीटर: नजर किती वेळ रस्त्यावरून हटते

ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. वेग बघायला मान खाली घालावी लागत असेल, तर तेवढं अंतर आपण न बघता कापतो.

हेल्मेट घालून बसा, समोर बघा आणि मान न हलवता फक्त डोळे खाली करा. वेगाचा आकडा दिसतोय का? पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटची हनुवटीची पट्टी बहुतेकदा इथं आड येते. तुम्ही हँडल जवळ घेतलंत म्हणजे डोक्याची जागाही थोडी मागे आली, त्यामुळे आधी दिसणारं मीटर आता लपलं असेल. ब्रॅकेटच्या बोल्टांना थोडी मोकळीक असते, तेवढ्यानं कोन बदलतो. काही गाड्यांत रबरी वॉशरची जाडी बदलूनही जमतं.

कोन ठरवताना ऊनही बघा. सकाळी गगनबावड्याकडे निघालं की ऊन पाठीमागून येतं आणि सरळ मीटरच्या काचेवर पडतं. चार-पाच अंश कोन बदलला तरी ती चमक नाहीशी होते. डिजिटल मीटर असेल आणि तुम्ही पोलराइज्ड गॉगल वापरत असाल, तर गॉगल घालूनच तपासा. काही कोनातून स्क्रीन पूर्ण काळी दिसते.

मीटर केबलवर चालणारं असेल तर ते वर उचलल्यानं केबलला मोड पडत नाही ना, बघा. मोड पडलेली केबल काटा नाचवते आणि काही महिन्यांत तुटते.

बऱ्याच गाड्यांत मीटर आणि हेडलाईट एकाच ब्रॅकेटवर असतात. मीटर कलवलं तर हेडलाईटही हलतो. काम सुरू करण्याआधी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, स्वतः गाडीवर बसा आणि दुसऱ्याला भिंतीवर डिपरच्या उजेडाच्या वरच्या कडेची खडूनं रेघ मारायला सांगा. काम संपलं की गाडी त्याच जागी लावून, पुन्हा तिच्यावर बसून ती कड परत रेघेवर आणा. हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या वाटेत भेटतात. हेडलाईट दोन बोटं जरी खाली उतरला तरी ट्रॉली उशिरा दिसते.

मोबाईल होल्डर शक्यतो मीटरच्या वर किंवा बरोबर शेजारी लावा, टाकीजवळ नको. किल्ली, मीटरचे दिवे आणि स्विच झाकले जाऊ नयेत. ॲपलनं २०२१ मध्येच सांगितलंय की मोटारसायकलच्या इंजिनचं व्हायब्रेशन हँडलमार्गे पोचलं तर आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते. म्हणून रबर डँपर असलेलाच होल्डर घ्या. चार्जर लावताना वायर थेट बॅटरीला जोडू नका. किल्लीबरोबर सुरू-बंद होणाऱ्या लाइनवर, मध्ये छोटा फ्यूज घालून जोडा. साध्या चार्जरला ३ अँपियरचा पुरतो. सॉकेटला रबरी झाकण हवंच, गगनबावड्याचा पाऊस उघड्या सॉकेटला एक हंगामही टिकू देत नाही. आणि ही नवी वायरसुद्धा हँडल दोन्ही टोकांना फिरवून तपासायची.

तपासणीची फेरी

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता घ्या. मी शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा असा जातो. त्यात शहरातली गर्दी आहे, सरळ मोकळा रस्ता आहे आणि शेवटी चढावरची वळणं आहेत. पहिले दोन किलोमीटर हळू जायचं, मोकळ्या जागी ब्रेक दोन-तीनदा मारून बघायचा. वाघबीळला थांबून हातांकडे लक्ष द्यायचं. बोटं आवळलेली आहेत का, खांदे कानाकडे चढलेत का. उतरताना ब्रेकवर बोटं असतात तेव्हा मनगट कसं राहतं ते मुद्दाम बघायचं, कारण चढताना बरं वाटणारा लिव्हरचा कोन उतारावर चुकीचा निघू शकतो.

पहिले शंभर किलोमीटर झाले की क्लॅम्पचे, लिव्हरचे आणि रायझरचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढा. पुढे धुताना ती रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट सैल होऊन फिरलाय. गाडी तिथंच थांबवून तो आवळायचा.